बादलीतून उतरलेला नाथसागरापूर्वीचा गोदाकाठ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाच्या, पोटात गेलेल्या गावांवरचा लेख वाचला. ती गावे डोळ्यांनी पाहिलेली माणसे आता साठीच्या पुढची. त्यांच्या हयातीत हा विषय घेतलात, याबद्दल मनापासून आभार. लेखासोबत अमेरिकेच्या जुन्या हेर उपग्रहाने टिपलेले गोदाकाठाचे छायाचित्र छापले आहे. त्याखालच्या ओळीत मात्र ‘उपग्रहाने रेडिओ लहरींद्वारे पाठवलेले चित्र’ असे म्हटले आहे, आणि चित्र छापताना ते उलटे, दक्षिण वर करून छापले गेले आहे. पैठण गोदावरीच्या उत्तर तीरावर आहे. आपल्या चित्रात ते नदीच्या खाली गेले. दोन्ही चुका कुणाला किरकोळ वाटतील. पण हे चित्र कोणत्या वाटेने जमिनीवर आले ते कळल्याशिवाय ते वाचायचे कसे, त्यावर भरवसा किती ठेवायचा आणि आपल्या गावाचे चित्र शोधायचे कुठे, यातले काहीच नीट कळत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ही चित्रे रेडिओवरून आलेली नाहीत. ती फिल्मवर काढली गेली, ती फिल्म धातूच्या कुपीत गुंडाळली गेली, कुपी अवकाशातून खाली सोडली गेली आणि हवाई बेटांजवळ समुद्रावर विमानाने ती हवेतच पकडली. या कामातले लोक त्या कुपीला बादलीच म्हणत. विहिरीत पडलेली बादली आपण गळ टाकून काढतो, तसाच हा प्रकार. फरक इतकाच की इथे बादली पॅराशूटला लटकत वरून येत होती आणि गळ विमानाला बांधलेला होता.

कार्यक्रमाचे नाव कोरोना. साथीशी त्याचा अर्थातच संबंध नाही. फेब्रुवारी १९५८ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांनी त्याला मंजुरी दिली. सीआयए आणि अमेरिकेचे हवाई दल यांनी मिळून तो चालवला. जगाला सांगण्यासाठी नाव होते डिस्कव्हरर, आणि काम म्हणे वैज्ञानिक प्रयोगांचे. पहिले उड्डाण २८ फेब्रुवारी १९५९ रोजी झाले. पहिल्या बारा उड्डाणांतून एकही कुपी हाती लागली नाही. दुसऱ्या उड्डाणात कुपी सोडण्याची वेळ चुकली आणि ती थेट उत्तर ध्रुवाजवळच्या स्पिट्सबर्गनकडे उतरली. ती कधीच सापडली नाही.

फिल्मचे दुखणे आणखी वेगळे होते. त्या वेळची फिल्म अ‍ॅसिटेटच्या पट्टीवर बनत असे. पोकळीत गेल्यावर तिच्यातला ओलावा उडून जाई, ती वाळल्या पानासारखी कडक होई आणि रुळांवरून ओढली जाताना तुटे. कोडॅक कंपनीने पॉलिएस्टरच्या पट्टीवर फिल्म बनवून दिली तेव्हा हा प्रश्न सुटला. त्यानंतर दुसरी कटकट उभी राहिली. रबरी रुळांवर घासत जाताना फिल्मवर स्थिर वीज साठे आणि विरळ हवेत तिची ठिणगी पडे. फिल्म धुतली की तिच्यावर झाडाच्या फांद्यांसारखे पांढरे-काळे फाटे दिसत. रूळ निवडून-पारखून बसवणे आणि कॅमेऱ्याच्या कप्प्यात थोडा वायू सोडून दाब किंचित वाढवणे, असे त्यावर उपाय केले गेले. हे सांगण्याचे कारण असे की जुन्या चौकटींवर असे फाटे आजही दिसतात. नवखा माणूस त्यांना ओढे समजतो. ओढा उताराने जातो आणि नदीला मिळतो. विजेचा फाटा बहुधा फिल्मच्या काठावरून आत शिरतो आणि शेतशिवार न बघता कुठेही तुटतो.

१० ऑगस्ट १९६० रोजी सुटलेल्या डिस्कव्हरर-१३ ची कुपी दुसऱ्या दिवशी समुद्रातून उचलली गेली. कक्षेतून परत मिळालेली माणसाने बनवलेली ती पहिली वस्तू. तिच्यात फिल्म नव्हती, अमेरिकेचा झेंडा होता. आठवडाभराने, १८ ऑगस्टला, डिस्कव्हरर-१४ सुटला. १९ ऑगस्टला कॅप्टन हॅरल्ड मिचेल यांच्या सी-११९ विमानाने तिसऱ्या फेरीत त्याच्या कुपीच्या पॅराशूटमध्ये आकडा अडकवला. तेव्हा कुपी जेमतेम अडीच किलोमीटर उंचीवर आली होती. आत सुमारे ९ किलो फिल्म होती आणि तिच्यावर सोव्हिएत संघाचा सुमारे ४२ लाख चौरस किलोमीटर मुलूख होता. मराठवाड्याच्या पासष्टपट म्हणा. अमेरिकेच्या यू-२ हेर विमानांनी चार वर्षांत मिळून जेवढे टिपले, त्याहून हे एका दिवसाचे काम मोठे होते. त्याच दिवशी मॉस्कोत, १ मे रोजी पाडलेल्या यू-२ चे वैमानिक गॅरी पॉवर्स यांना शिक्षा सुनावली जात होती.

कुपी खाली येण्याचे टप्पे नीट पाहण्यासारखे आहेत. कॅमेऱ्यातून निघालेली फिल्म उपग्रहाच्या नाकाडातल्या कुपीत रिळावर गुंडाळली जाई. रीळ भरले की फिल्म कापून कुपीचे तोंड बंद होई. ठरलेल्या फेरीला उपग्रह तोंड फिरवून खाली कले आणि कुपी सुटी होई. सुटताच थंड वायूच्या झोतांनी तिला भोवऱ्यासारखी गिरकी दिली जाई, कारण फिरता भोवरा डुलत नाही. मग उलट्या दिशेचे छोटे रॉकेट पेटे आणि वेग कमी होऊन कुपी वातावरणाकडे वळे. गिरकी थांबवून, रॉकेटचे टरफल टाकून ती हवेत शिरे. बाहेरचे कवच जळत-झिजत उष्णता घेऊन जाई, आतली फिल्म शाबूत राही. सुमारे १८ किलोमीटर उंचीवर कवच गळून पडे, पॅराशूट उघडे, संकेत देणारे रेडिओ यंत्र आणि लुकलुकता दिवा सुरू होई. खाली विमान घिरट्या घालत असे. त्याच्या शेपटाकडून दोन दांड्यांमध्ये आकड्यांचे दोर लोंबत असत. वैमानिकाने पॅराशूटच्या अगदी वरून जायचे, आकडे छत्रीत रुतले की चरकीने दोर गुंडाळून कुपी आत घ्यायची. पहिल्या टप्प्यात कल चुकला तर उलट रॉकेट कुपीला खाली आणण्याऐवजी वरच्या कक्षेत ढकले. म्हणजे गेलीच ती.

विमानाकडून हुकली तर कुपी पाण्यावर तरंगे आणि जहाज-हेलिकॉप्टर तिला शोधत. पण परक्या पाणबुडीच्या हाती लागू नये म्हणून तिला मिठाचे बूच असे. ठरावीक काळाने मीठ विरघळे, पाणी आत शिरे आणि कुपी बुडे.

सगळ्या कुपी समुद्रातच पडल्या असे नाही. एप्रिल १९६४ मध्ये सोडलेल्या एका उपग्रहाची कुपी व्हेनेझुएलात ला फ्रिया गावाजवळ पडली आणि जुलैमध्ये शेतकऱ्यांना सापडली. सोन्याचा मुलामा दिलेली ती वस्तू कुणाची, हे त्यांना कळण्यासारखे नव्हते. त्यानंतर कुपींवर ‘गुप्त’ असे लिहिणे बंद झाले आणि आठ भाषांत मजकूर आला की ही परत करणाऱ्याला बक्षीस मिळेल. आपल्याला हे परके वाटू नये. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या हैदराबादच्या केंद्रातून सोडलेल्या बलूनांची उपकरणे पॅराशूटने उतरतात, ती महाराष्ट्रातल्या शेतांतही पडू शकतात. त्यांच्यावरही असाच मजकूर असतो : हात लावू नका, जवळच्या पोलिस ठाण्यात कळवा, बक्षीस मिळेल. शिवारात अशी पेटी दिसली तर उघडून पाहण्याचा मोह टाळावा. आतली नोंद एकदा बिघडली की पुन्हा मिळत नाही.

आता प्रश्न येतो की रेडिओने का पाठवली नाहीत? प्रयत्न झाला होता. अमेरिकेच्या हवाई दलाच्या सॅमोस कार्यक्रमात फिल्म अवकाशातच धुवून, तिच्यावरून प्रकाशाचा बारीक ठिपका फिरवून, चित्र तारासंदेशासारखे तुकड्यातुकड्याने खाली पाठवायचे असे ठरले होते. त्या काळच्या यंत्रणेला एवढा तपशील पेलवला नाही. उपग्रह केंद्रावरून जाई ती मोजकी मिनिटे त्याला पुरणारी नव्हती. एका फिल्मच्या रिळात जेवढे मावते तेवढे रेडिओवरून पाठवणे १९६० मध्ये कुणालाच शक्य नव्हते. म्हणून बादली.

बादलीचा मोठा दोष म्हणजे उशीर. फिल्म भरेपर्यंत थांबा, कुपी उतरवा, रॉचेस्टरला कोडॅककडे धुवायला पाठवा, मग वॉशिंग्टनमध्ये भिंगाखाली ठेवा. ऑगस्ट १९६८ मध्ये सोव्हिएत फौजा चेकोस्लोव्हाकियाच्या सीमेवर जमल्याचे चित्र फिल्मवर होते. पण ती फिल्म हाती आली तेव्हा फौजा प्रागमध्ये पोचल्या होत्या. ही उणीव डिसेंबर १९७६ मध्ये केएच-११ हा थेट डिजिटल चित्रे पाठवणारा उपग्रह सुटला तेव्हा भरून निघाली. रशियाने मात्र फिल्म सोडली नाही. तिथल्या झेनिट उपग्रहांत फिल्मसोबत अख्खा कॅमेराही परत येई, गागारिन ज्या धाटणीच्या गोलात बसले त्याच सव्वादोन-अडीच मीटरच्या गोलातून आणि जमिनीवर. पहिले यशस्वी उड्डाण एप्रिल १९६२ चे. फिल्म परत आणणारे रशियन उपग्रह २०१५ पर्यंत सुटत होते. चीनने १९७५ मध्ये आपली पहिली कुपी परत आणली, तिचे उष्णतारोधक कवच ओक लाकडाचे होते.

हे सगळे पैठणच्या चित्राशी कसे जोडलेले आहे ते आता सांगतो.

जायकवाडीची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली. धरण २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींनी राष्ट्राला अर्पण केले. कोरोनाचे उपग्रह ऑगस्ट १९६० ते मे १९७२ या काळात फिल्म उतरवत होते. म्हणजे नाथसागराच्या जागी नदी, गावे, मळे, घाट होते त्या काळातली चित्रे. जुलै १९७२ मध्ये सुटलेल्या लँडसॅट या जमिनीची पाहणी करणाऱ्या पहिल्या नागरी उपग्रहाला ८० मीटरपेक्षा लहान गोष्ट सुटी दिसत नव्हती. त्यात विहीर कुठली दिसणार! कोरोनाचा शेवटचा कॅमेरा, केएच-४बी, सुमारे १.८ मीटरचा तपशील दाखवतो. गुप्त कार्यक्रमाने टिपलेले, म्हणून आपल्याला इतके जवळून दिसते, हा योगायोग आपण हातचा घालवू नये.

त्या कॅमेऱ्याचा स्वभाव मात्र ओळखावा लागतो. त्याचे भिंग ६१० मिलिमीटर नाभ्यंतराचे. उपग्रह पुढे जात असता भिंगाची नळी एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे ७० अंशांत फिरे आणि ७० मिलिमीटर रुंद फिल्मवर पाऊण मीटर लांबीची एक चौकट उमटे. १५० किलोमीटर उंचीवरून त्या चौकटीत जमिनीचा १८८ किलोमीटर लांब आणि १४ किलोमीटर रुंद पट्टा येई. लांबी म्हणाल तर पैठण ते पूर्णा जंक्शनहून थोडी अधिक, रुंदी जेमतेम तालुक्याच्या अर्ध्या भागाएवढी. मधोमध मोजमाप सुमारे २ लाख ४७ हजारास १ असे पडते. टोकाकडे भिंग ३५ अंश तिरके पाहत असल्याने तिथे अंतर वाढते; हिशेब केला तर पट्ट्याच्या लांबीच्या दिशेने मोजमाप जवळपास दीडपट आकसते आणि रुंदीच्या दिशेने सव्वापटीच्या आसपास. म्हणजे एकाच चौकटीत मधला दहा एकरांचा मळा आणि टोकाचा दहा एकरांचा मळा सारखे दिसणार नाहीत. पट्टीने मोजून कुणी ‘आमची जमीन त्या वेळी एवढी होती’ म्हणायला लागला तर तो हमखास फसेल. शिवेच्या आणि बांधाच्या वादात मोजणी, टिपण आणि गाव नकाशा यांचीच बाजू धरावी. चित्र साक्षीला ठेवता येते, निकालाला नाही.

चौकट शोधण्याची रीत अशी. अमेरिकेने २२ फेब्रुवारी १९९५ च्या अध्यक्षीय आदेशाने कोरोनाची आठ लाखांहून जास्त चित्रे खुली केली. ती अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या ‘अर्थ एक्सप्लोरर’ या संकेतस्थळावर आहेत. नोंदणी मोफत. नकाशावर आपल्या गावाभोवती चौकोन आखायचा, संचांच्या यादीत ‘डीक्लासिफाइड’ गट उघडायचा. पहिल्या संचात कोरोना आहे, दुसऱ्यात केएच-७ या दुसऱ्या हेर उपग्रहाची चित्रे आणि केएच-९ या नंतरच्या हेर उपग्रहाचा नकाशा कॅमेरा, तिसऱ्यात केएच-९ चा मुख्य कॅमेरा. तारखेची मर्यादा १९६० ते १९७६ ठेवली तर धरण भरण्यापूर्वीचे सगळे समोर येते. प्रत्येक चौकटीचे छोटे चित्र पाहून ढग आहेत का ते आधीच ठरवावे. मृगापासून हस्तापर्यंतची चित्रे बहुतेक वाया. दिवाळीनंतरची आणि शिमग्याच्या आसपासची चांगली निघतात.

चौकटीची जागा नकाशावर दाखवलेली असते ती अंदाजे असते, काही किलोमीटर सरकलेली निघते. म्हणून गाव कडेला येत असेल तर शेजारची चौकटही पाहावी. कुणी एकदा पैसे भरून स्कॅन करवून घेतलेली चौकट पुढे सगळ्यांना मोफत मिळते. न झालेल्या चौकटीला ३० डॉलर आकारत आले आहेत. स्कॅन ७ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मागावे. त्या मापाने एका ठिपक्यात जमिनीचे सुमारे पावणेदोन मीटर येतात आणि अख्ख्या चौकटीत ८५ कोटींच्या आसपास ठिपके. साहजिकच ती चार तुकड्यांत, अ, ब, क, ड अशा जोडलेल्या चार फायलींत येते. संगणक साधा असेल तर हवा तो तुकडा कापूनच उघडावा.

चौकटीच्या क्रमांकात सगळी जन्मकुंडली असते. ‘डीएस’ नंतरचे चार आकडे उड्डाणाचे : १००१ ते १०५२ म्हणजे केएच-४ए, ११०१ ते १११७ म्हणजे केएच-४बी. आडव्या रेघेनंतरचा पहिला आकडा बादलीचा, पहिली की दुसरी. पुढचे तीन आकडे फेरीचे. मग एक अक्षर उपग्रह उत्तरेकडून दक्षिणेला जात होता की उलट, ते सांगते. त्यापुढचे अक्षर पुढे झुकलेला कॅमेरा की मागे झुकलेला, हे. आणि शेवटी चौकटीचा क्रमांक. हे दोन कॅमेरे उभ्या रेषेपासून १५-१५ अंश कललेले, त्यामुळे तीच जमीन ३० अंशांच्या फरकाने दोनदा टिपली जाई. दोन्ही चौकटी शेजारी ठेवून भिंगांच्या चष्म्यातून पाहिल्या तर उंचसखलपणा उठून दिसतो. पण एका ठिपक्याच्या फरकाला सव्वातीन मीटरच्या आसपास उंची लागते. सखल पांढरीचे टेकाड त्यात पकडता येईलच असे नाही.

पांढरीचा विषय निघालाच आहे. काळीत पीक आणि पांढरीत वस्ती ही आपली जुनी विभागणी. उजाड झालेल्या गावठाणाची माती राखेने-चुन्याने फिकी होते आणि काळ्या रानात चित्रावर उजळ डाग दिसतो. सिरिया-इराकमध्ये याच कोरोना चित्रांवरून जुन्या वस्त्यांची टेकाडे आणि त्यांच्याकडे जाणाऱ्या, पावलांनी खचलेल्या वाटा शोधल्या गेल्या. आर्कान्सा विद्यापीठाने त्यांचा मोठा नकाशासंग्रह केला आहे. तेर, पैठण, भोकरदन ही सातवाहनांच्या काळापासून नांदती गावे असलेल्या मराठवाड्यात हे काम का होऊ नये? माळवदावर टाकायला, शेतात पसरायला पांढरीची माती गाड्या भरभरून नेली गेली. पुढे ट्रॅक्टर आले आणि उरलीसुरली टेकाडे सपाट झाली. ती सपाट होण्यापूर्वीची नोंद या फिल्मवर आहे. सावधगिरी एकच : चुनखडीचे पट्टे आणि मुरमाड माळही उजळ दिसतात. पांढरी बहुधा गोलसर, ओढ्याच्या किंवा नदीच्या कडेला आणि वाटा एकत्र येतात त्या ठिकाणी असते. माळ लांबट आणि बिनवाटेचा असतो. खात्री जागेवर जाऊन खापरे पाहिल्यावरच करावी.

सावल्यांची एक गंमत सांगितली पाहिजे, कारण आपल्या उलट्या चित्राशी ती निगडित आहे. आपल्याकडे वर्षातले बहुतेक दिवस सूर्य दक्षिणेकडून येतो, सावली उत्तरेला पडते. उत्तर वर ठेवली की सावल्या पाहणाऱ्यापासून दूर जातात आणि आपल्या डोळ्याला वरून येणाऱ्या उजेडाची सवय असल्याने टेकडी खड्ड्यासारखी आणि खड्डा टेकडीसारखा दिसू लागतो. म्हणून तज्ज्ञ माणसेही उंचवटा ठरवताना चित्र मुद्दाम उलटे धरतात. पाहून झाले की सरळ करतात. छापताना तर सरळच हवे. पैठणच्या अक्षांशावर मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत मात्र दुपारचा सूर्य उत्तरेला सरकतो, त्या चौकटींत हा नियम उलटतो. दौलताबादचा चाँद मिनार सुमारे ६३ मीटर उंच आहे. सूर्य ४५ अंशांवर असेल तर त्याची सावलीही ६३ मीटरची, म्हणजे चित्रात ३५-३६ ठिपके. चौकटीत दौलताबाद असेल तर सावलीची दिशा आणि वेळ तपासायला याहून चांगली खूण मराठवाड्यात नाही.

चित्र आजच्या नकाशावर बसवायचे काम ‘क्यूजीआयएस’ या मोफत प्रणालीत घरच्या संगणकावर होते. अख्खी चौकट एकदम बसवायला जाऊ नये, ती बसत नाही, वाकडीच राहते. दहा बाय दहा किलोमीटरचा तुकडा कापून त्यात चित्र आणि नकाशा दोन्हींत ओळखू येणाऱ्या २० ते ३० खुणा द्याव्यात आणि ‘थिन प्लेट स्प्लाइन’ ही पद्धत निवडावी. त्या पद्धतीत खुणांवरची चूक कागदोपत्री शून्य दिसते, म्हणून पाच-सहा खुणा बाजूला ठेवून त्यांच्यावर खरी चूक तपासावी. खुणा निवडताना नदीचे वळण कधीच घेऊ नये. गोदावरी काठ खाते आणि वाळूची बेटे हलवते. जुनी देवळे, गढीचे बुरूज, बारव, रेल्वेचे फाटक, पुलाची टोके या खुणा टिकतात. नाथसागराच्या कडेला कायगाव टोके-प्रवरासंगमची देवळे अजून उभी आहेत, ती फार उपयोगी. पाण्याखालच्या भागासाठी खुणा नाहीतच, म्हणून चारही काठांवर खुणा दाट द्याव्यात आणि मधल्या भागात दहा-वीस मीटरची चूक गृहीत धरावी.

विहीर चार-पाच ठिपक्यांची काळी टिकली दिसते, गाडीवाट फिक्या रेघेसारखी. माळवदाची घरे मात्र मातीच्याच रंगाची असल्याने एकेक घर सुटे दिसत नाही, गावठाणाचा एक गोळा दिसतो; वाड्याचा चौक तेवढा काळपट चौकोन म्हणून ओळखू येतो. हीच गोष्ट किल्लारी, सास्तूरकडच्या जुन्या गावठाणांनाही लागू. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर ती गावे उठून दुसरीकडे वसली, तेव्हा जुन्या गल्ल्यांचा आराखडा हवा असेल तर तोही याच फिल्मवर शोधावा.

१९७२ च्या शेवटाकडचा दुष्काळ कोरोनात नाही. तोवर कार्यक्रम संपला होता. त्यासाठी केएच-९ हेक्सागनकडे वळावे. जून १९७१ पासून १९८४ पर्यंत उडालेले हे बसएवढे उपग्रह, एकेकात सुमारे ९६ किलोमीटर फिल्म आणि चार मोठ्या बादल्या. पहिल्याच उड्डाणाच्या तिसऱ्या बादलीचे पॅराशूट तुटले आणि ती प्रशांत महासागरात सुमारे पाच किलोमीटर खोल गेली. एप्रिल १९७२ मध्ये ट्रिएस्ट-२ या पाणबुड्या यानाने ती शोधून उचलली, पण वर येता येता फिल्मचे तुकडे होऊन पाण्यात विखुरले. म्हणून त्या तारखांच्या काही जागा कायमच्या रिकाम्या आहेत. यादीत चित्र नसले तर शोधणाऱ्याचीच चूक आहे असे समजू नये. १९७३ ते १९८० च्या हेक्सागन उपग्रहांत वेगळा नकाशा कॅमेराही होता. तपशील सहा ते नऊ मीटरचा, पण एका चौकटीत २५० बाय १२५ किलोमीटर. अख्खा नाथसागर, भरण्यापूर्वीचा आणि भरल्यानंतरचा, एकेका चौकटीत मावतो. शिवाय फिल्मवर दर सेंटिमीटरला बारीक फुल्या छापलेल्या असतात, त्यांच्यावरून फिल्म कुठे ताणली-आकसली हे मोजून दुरुस्त करता येते.

माझी मागणी अशी की, गंगापूर-पैठण भागाच्या तीन-चार चांगल्या चौकटी निवडून त्या जिल्ह्याच्या ग्रंथालयात आणि तालुक्याच्या वाचनालयांत मोठ्या आकारात छापून ठेवाव्यात. १९५४-५५ ची खासरा पाहणी आणि जुने गाव नकाशे शेजारी ठेवले तर बुडालेल्या गावांचे सर्व्हे नंबरही जुळवता येतील. हे काम विद्यापीठांच्या भूगोल विभागांतल्या विद्यार्थ्यांना एका सत्रात जमण्यासारखे आहे, खर्च म्हणाल तर छपाईचा आणि क्वचित एखाद्या स्कॅनचा. आपल्या दैनिकाने पुढच्या वेळी असे चित्र छापताना खाली तारीख, उड्डाणाचा आणि चौकटीचा क्रमांक द्यावा. वाचक मग स्वतः जाऊन तीच चौकट पाहू शकेल.

आणि छापलेली चित्रे विस्थापित गावांतल्या वडीलधाऱ्यांसमोर मांडावीत. मूळ प्रिंटवर लिहू नये. वर ट्रेसिंग कागद ठेवून, चार कोपऱ्यांवर जुळणीच्या खुणा करून, विहिरींची, मळ्यांची, पाणंदींची, घाटांची नावे पेन्सिलीने लिहून घ्यावीत. एका गावच्या किमान दोन माणसांनी स्वतंत्रपणे तेच नाव सांगितले की मग ते शाईने गिरवावे. प्रत्येक नावाशेजारी सांगणाऱ्याचे वय आणि नोंदीची तारीख असावी.

आपला,
भूगोलाचा एक शिक्षक
परभणी